मागे बसणाऱ्यालाही कंबर असते! जोडीने लांबच्या प्रवासासाठी मोटारसायकल निवडताना काय बघायचं?

परभणीहून औंढा नागनाथ, परळी वैजनाथ किंवा नांदेड म्हणजे सकाळी दुचाकीवर निघून संध्याकाळी घरी परत. तुळजापूर किंवा पंढरपूर म्हटलं की एका बाजूचेच दोनशेच्या पुढे किलोमीटर होतात. छत्रपती संभाजीनगरला शिकणाऱ्या मुलाला भेटायला, गंगाखेडला पाहुण्यांकडे, जिंतूरला लग्नाला असे कितीतरी प्रवास आजही दोन चाकांवर होतात. आणि बहुतेक वेळा गाडीवर दोघं असतात.

तरीही गाडी घेताना मायलेज, पिकअप आणि रंग बघतो तो चालवणारा. मागे बसणाऱ्या माणसाला शोरूममध्ये फार तर हार घालायच्या दिवशी बोलावलं जातं. मग पहिल्याच लांबच्या प्रवासात मानवतच्या पुढे गेलं की मागून आवाज येतो, "जरा थांबवा, पाठ गेली."

धक्का मागेच का जास्त बसतो?

यामागे साधं गणित आहे. चालवणारा दोन्ही चाकांच्या साधारण मधोमध बसतो. पुढचं चाक खड्ड्यात गेलं काय किंवा मागचं, त्याच्यापर्यंत धक्क्याचा काही भागच पोहोचतो. मागचा माणूस मात्र जवळपास मागच्या चाकाच्या डोक्यावर बसलेला असतो. मागचं चाक जितकं उसळतं, त्यातलं शॉकअपने खाऊन उरलेलं सगळं थेट त्याच्या कमरेत जातं. त्यात समोरचा खड्डा त्याला दिसत नाही. चालवणारा आधीच हँडल घट्ट धरून अंग सावरतो, मागचा बेसावध असतो.

म्हणून मागच्या माणसाच्या दृष्टीने पहिला महत्त्वाचा आकडा व्हीलबेसचा, म्हणजे दोन चाकांच्या मध्यांमधल्या अंतराचा. हिरो स्प्लेंडर प्लसचा व्हीलबेस 1236 मिलिमीटर आहे, होंडा युनिकॉर्नचा 1335, तर रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 चा 1390. गाडी जितकी लांब, तितकी मागच्या सीटला चाकाच्या थोडं पुढे सरकायला जागा मिळते आणि गाडीचं पुढे-मागे डुलणंही कमी होतं. शोरूममध्ये हे डोळ्यांनीही तपासता येतं. गाडी बाजूने बघा आणि मागच्या माणसाची बसायची जागा मागच्या आसाच्या पुढे येते की थेट वर, ते पाहा. आसाच्याही मागे लटकत असेल तर ती गाडी लांबच्या प्रवासाला नकोच.

परभणीचे रस्ते आणि काळी माती

इथे एक स्थानिक अडचण आहे, जी पुण्या-मुंबईतल्या गाड्यांच्या रिव्ह्यूमध्ये सापडत नाही. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या या जिल्ह्यात मोठा भाग काळ्या कापसाच्या मातीचा आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर खाली-वर होतो. त्यामुळे खड्डा नसलेल्या रस्त्यावरही लांब लांब लाटा तयार होतात. कल्याण–निर्मल हा राष्ट्रीय महामार्ग 61 पाथरी, मानवत, परभणी असा जातो. तो सोडून आतल्या रस्त्याला लागलं की या लाटा नीट कळतात.

अशा रस्त्यावर फार मऊ शॉकअप फसवा ठरतो. एकट्याने चालवताना गादीसारखा वाटतो, पण दोघं बसले की पूर्ण दबून खाली आपटतो. मागचा शॉकअप किती टप्प्यांत कडक करता येतो, हा प्रश्न म्हणूनच शोरूममध्ये विचारायला हवा. बऱ्याच गाड्यांना ही सोय असते, पण गाडी घेतल्यापासून विकेपर्यंत तिला कुणी हात लावत नाही. दोघं जाणार असाल तर निघायच्या आधी गॅरेजवर पाच मिनिटं देऊन एक-दोन टप्पे कडक करून घ्या. हवेचंही तसंच. दोघांसाठी मागच्या टायरमध्ये हवा जास्त लागते. नेमका आकडा गाडीच्या चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. पंपावरच्या मुलाने अंदाजे भरली, असं करू नका.

एका बाजूला बसणाऱ्यांचा हिशोब वेगळा

गाड्यांबद्दलच्या बहुतेक व्हिडिओंमध्ये मागे बसणारा माणूस जीन्स घालून दोन्हीकडे पाय टाकून बसतो. आपल्याकडे मागे बसलेली बाई अनेकदा साडीत असते आणि डाव्या बाजूला दोन्ही पाय घेऊन बसते. उजवीकडे सायलेन्सर आणि रहदारी असते, म्हणून डावी बाजू. पण आराम आणि सुरक्षा या दोन्ही गोष्टी इथे पूर्ण बदलतात.

अशा बसण्यासाठी सपाट, लांब आणि एकसंध सीट सगळ्यात बरी. पुढची सीट खाली, मागची उंच आणि उतरती अशी स्पोर्टी रचना असेल तर प्रत्येक ब्रेकला मागची व्यक्ती पुढे घसरते आणि सगळा वेळ हाताने स्वतःला मागे रेटत बसते. शंभर किलोमीटरनंतर खांदे भरून येतात ते यामुळे. पाठीचा टेकू असलेली गाडी ऐकायला छान वाटते, पण एका बाजूला बसणाऱ्याला तो टेकू पाठीला लागत नाही, उलट बरगडीत टोचतो. दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्यासाठी मात्र तोच टेकू मोठा दिलासा आहे. म्हणजे गाडी ठरवायच्या आधी मागचं माणूस कसं बसणार, हे ठरवायला हवं.

केंद्रीय मोटार वाहन नियमांमधल्या नियम 123 नुसार मोटारसायकलला मागच्या माणसासाठी धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असलं पाहिजे. हे संरक्षण म्हणजेच साडी गार्ड. गाडी ‘क्लीन’ दिसावी म्हणून तो काढून टाकायची फॅशन आहे. पदर किंवा ओढणी चाकात गुंतली तर काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय ते तो काढत नाहीत. एका बाजूला बसणाऱ्यासाठी साडी गार्डच्या खाली दोन्ही पाय मावतील अशी रुंद पट्टी आहे का, तेही बघा. एकच पाय टेकून दुसरा लोंबकळत राहिला तर अर्ध्या तासात मुंग्या येतात.

मग कोणती गाडी?

एकच उत्तर नाही, पण गटागटाने बोलता येईल.

शंभर सीसीची स्प्लेंडर किंवा प्लॅटिना गावोगावी दुरुस्त होते, पेट्रोल कमी पिते आणि सीट सपाट असते. पन्नास-साठ किलोमीटरच्या प्रवासाला तिला नावं ठेवायचं कारण नाही. अडचण वजनाची आहे. स्प्लेंडरवर माणसं आणि सामान मिळून सुमारे 130 किलो भार धरलेला असतो. 75 किलोचा चालक, 60 किलोची सहप्रवासी आणि 8 किलोची बॅग यांची बेरीज 143 होते. गाडी ओढते, पण आठ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला साठ-सत्तरच्या वेगावर सतत जोर लावावा लागतो आणि तो थरकाप फूटरेस्टमधून तळपायात येतो.

125 सीसीमध्ये होंडा शाइनची 651 मिलिमीटर लांब सीट दोघांना बरी पडते. पण लांबचा प्रवास वारंवार असेल आणि बजेट सव्वा-दीड लाखापर्यंत ताणता येत असेल, तर युनिकॉर्नसारखी 160 सीसीची साधी गाडी हा या यादीतला सगळ्यात समंजस पर्याय म्हणावा लागेल. सीट 715 मिलिमीटर, वजन 140 किलोच्या आसपास, टाकी 13 लिटरची आणि मागे मोनोशॉक. दिसायला कुणी वळून बघणार नाही. मागे बसलेल्या आईचा त्याच्याशी काही संबंध नाही.

350 सीसीचं आकर्षण वेगळं आहे. कमी फेऱ्यांवर मिळणारा जोर, जड आणि स्थिर गाडी, लांब व्हीलबेस. दोघांच्या वजनाने तिचं काही बिघडत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्या गाड्यांवर 40 टक्के झाला. त्यामुळे याच गटाकडे ओढा वाढणं साहजिक आहे. पण क्लासिक 350 चं वजन 195 किलो आहे. गेटमधून मागे ढकलायची, उतारावर वळवायची आणि मागे माणूस बसवून पायाने तोलायची ती तुम्हालाच. उंची कमी असेल तर 805 मिलिमीटरच्या सीटवरून पाय नीट टेकतात का, ते आधी बघा. मिटिऑर 350 ची सीट 765 मिलिमीटरवर आहे, टाकी 15 लिटरची आहे आणि काही मॉडेलना मागे टेकू मिळतो. दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्या जोडीसाठी ती क्लासिकपेक्षा सरस. एवढे पैसे नसतील तर बजाजची अॅव्हेंजर 220 क्रूझ टेकूसह येते आणि तिची सीट तर 737 मिलिमीटरच उंच आहे. क्लासिक घेताना मागची सीट कोणती मिळतेय, तेही विचारा. काही सीट फोटोत छान दिसतात, बसायला वीतभरच असतात.

स्कूटर? एका बाजूला बसायला सोपी, पण चाकं लहान. मोटारसायकलचं 17-18 इंची चाक ज्या खड्ड्यावरून जातं, त्यात स्कूटरचं 10-12 इंची चाक उतरतं. रोज गावात फिरायला उत्तम, तुळजापूरला नको.

टेस्ट राइड दोघांनी घ्या

शोरूमची टेस्ट राइड बहुधा एकट्याची आणि गुळगुळीत रस्त्यावर असते. तिचा या कामासाठी काही उपयोग नाही. मागे बसणाऱ्या व्यक्तीला घेऊन, ती नेहमी जे कपडे घालते त्याच कपड्यांत, किमान वीस मिनिटं गाडी फिरवा. त्यात एखादा खराब पट्टा आणि दोन-चार गतिरोधक हवेत. उतरल्यावर आधी तिला विचारा. गुडघे किती वाकले, पोटरीला सायलेन्सरची धग लागली का, ब्रेकला किती पुढे घसरायला झालं? सेल्समन घाई करेल. करू द्या.

पावसाळ्यात शेताकडे गाडी नेणार असाल तर पुढचा मडगार्ड आणि टायर यांच्यामधली फटही बघा. चिकण काळी माती अरुंद फटीत भरली की चाकच अडतं. मे महिन्यात चाळिशीपार पाऱ्यात रेक्झिनची सीट तव्यासारखी तापते, त्याला सुती कव्हर हा शंभर-दोनशे रुपयांतला उपाय आहे.

एक-दोन नियम

मोटार वाहन कायद्याच्या कलम 128 नुसार मागे एकच माणूस बसू शकतो. ट्रिपल सीटला एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स निलंबन, अशी तरतूद आहे. हेल्मेट मागच्यालाही सक्तीचं आहे, आणि चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी हेल्मेट, चालकाला बांधायचा पट्टा आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा 2023 पासून लागू आहे. जालन्यातून समृद्धी महामार्ग पकडून थेट मुंबई गाठायचा बेत असेल तर तो सोडा, तिथे दुचाकींना प्रवेशच नाही.