एक तारीख, अनेक जीवनवाटा : १२ डिसेंबर

कोणत्या घरी आणि कोणत्या दिवशी जन्म घ्यावा, हे मनुष्याच्या हाती नसते. लाभलेल्या आयुष्याचे काय करावे, हे मात्र बऱ्याच अंशी त्याच्याच हाती असते. बीड जिल्ह्याला सुपरिचित असलेली १२ डिसेंबर ही तारीख याची साक्ष देते.

परळी तालुक्यातील नाथ्रा या लहानशा गावी १२ डिसेंबर १९४९ रोजी एका शेतकरी कुटुंबात गोपीनाथराव मुंडे यांचा जन्म झाला. अंबाजोगाई येथील महाविद्यालयीन जीवनात प्रमोद महाजन यांच्याशी त्यांची मैत्री जुळली आणि सार्वजनिक कार्याची दिशा निश्चित झाली. आणीबाणीत त्यांनी कारावास भोगला. १९८० मध्ये रेणापूर मतदारसंघातून ते प्रथम विधानसभेवर निवडून आले.

त्यापूर्वी नऊ वर्षे, १२ डिसेंबर १९४० रोजी, बारामतीच्या पवार कुटुंबात शरदराव जन्मले. विशेष म्हणजे त्यांच्या मातोश्री शारदाबाई यांचाही जन्म १२ डिसेंबरचाच, १९११ सालचा. पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आलेल्या या मातेचे संस्कार घेऊन शरदराव १९६७ मध्ये विधानसभेत गेले आणि १९७८ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, राज्याचे मुख्यमंत्री झाले.

एकाच तारखेला जन्मलेले हे दोन नेते वेगवेगळ्या पक्षांत राहिले. मार्च १९९३ ते मार्च १९९५ या काळात तर शरद पवार मुख्यमंत्री आणि गोपीनाथराव विधानसभेतील विरोधी पक्षनेते होते. १९९४ च्या संघर्ष यात्रेत गोपीनाथरावांनी शासनाविरुद्ध सारा महाराष्ट्र पिंजून काढला. १९९५ मध्ये सत्तांतर होऊन ते उपमुख्यमंत्री व गृहमंत्री झाले. पुढे २००९ ते २०१४ या काळात माढ्याचे खासदार म्हणून पवार आणि बीडचे खासदार म्हणून मुंडे एकाच लोकसभेत होते.

बीडकरांसाठी या तारखेला आणखी एक अर्थ आहे. १२ डिसेंबर हा ऐन गाळप हंगामातील दिवस. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातील हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन, मुलाबाळांसह पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. गावात वृद्ध माणसे मागे राहतात. पवारांचे राजकारण ज्या सहकारी साखर कारखानदारीच्या मुलखात वाढले, त्याच मुलखातील फडांत बीडचा कोयता चालतो. या श्रमिकांच्या मजुरीचा प्रश्न गोपीनाथरावांनी हाती घेतला. ते ज्यांचे नेते होते, त्यांपैकी कित्येकजण त्यांच्या वाढदिवशी घरापासून दूर, उसाच्या फडात असत.

हीच तारीख महाराष्ट्राबाहेरील एका मराठी घरातही नोंदली गेली. १२ डिसेंबर १९५० रोजी बंगळूर येथे शिवाजीराव गायकवाड यांचा जन्म झाला. बसवाहक म्हणून काम केलेला हा तरुण १९७५ मध्ये तमिळ चित्रपटात आला आणि रजनीकांत या नावाने जगप्रसिद्ध झाला. १२ डिसेंबर १९५४ रोजी जन्मलेले हेमंत करकरे पोलीस सेवेत गेले. २००८ मध्ये २६ नोव्हेंबरच्या मुंबईवरील हल्ल्यात त्यांना वीरमरण आले, तेव्हा त्यांचा चौपन्नावा वाढदिवस अवघ्या पंधरवड्यावर होता. राष्ट्राने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र अर्पण केले.

गोपीनाथरावांचे आयुष्यही असेच अवचित संपले. २६ मे २०१४ रोजी ते केंद्रीय ग्रामविकास मंत्री झाले आणि आठवडाभरातच, ३ जून रोजी, दिल्लीतील अपघातात त्यांचे निधन झाले. पुढे राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळाला त्यांचे नाव दिले.

गणित सांगते की, कोठेही तेवीस माणसे एकत्र आली तरी त्यांतील किमान दोघांचा जन्मदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. म्हणजे तारीख जुळणे यात फारसे नवल नाही. एकाच तारखेने एकाला सत्ता, एकाला संघर्ष, एकाला कला आणि एकाला बलिदानाची वाट दिली, असे म्हणणेही योग्य ठरणार नाही. त्या वाटा ज्याने-त्याने स्वतः चालून सिद्ध केल्या. जन्मदिवस पंचांगात असतो, माणूस मात्र स्मरणात राहतो तो त्याच्या कार्यामुळे. फडातून गावी परतणाऱ्या कष्टकऱ्याच्या मुलाला शाळेची वाट मोकळी झाली, तरच या तारखेचे बीड जिल्ह्याने केलेले स्मरण सार्थ ठरेल.