गाणे कोणाचे?

आषाढीची वारी करून वारकरी पंढरीहून परतले म्हणजे हिंगोली तालुक्यातील नर्सी नामदेव ह्या गावी परतवारीचा मेळा भरतो. कयाधू नदीच्या काठचे हे गाव एरवी शांत असते. परंतु त्या एकादशीस तेथे पाऊल ठेवावयास जागा मिळत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका परतवारीस आम्ही तेथे गेलो असता एका चहाच्या दुकानाच्या आडोशास दोन वृद्ध वारकऱ्यांचा वाद ऐकण्याचा योग आला. वाद द्वैताद्वैताचा नव्हता. नामदेवरायांच्या चौघा मुलांत थोरला नारा, हे दोघांसही मान्य होते. धाकटा गोंदा की विठा, एवढाच प्रश्न होता. तो सुटेना म्हणून ते दुसऱ्या प्रश्नाकडे वळले. नामदेवासाठी देऊळ फिरले ते औंढ्या नागनाथास की पंढरपुरास? 'माऊली, तुमचं खरं असंल. पण आमच्या फडावर तसं म्हणत न्हाईत,' असे त्यांतील एक जण वरचेवर म्हणे, आणि दुसरा मान हालवून चहाचा घोट घेई.

आमच्यासमवेत आमचा भाचा होता. रॉक संगीताचे वेड लागलेल्या पिढीतला हा मुलगा काही वेळ ऐकून हसला आणि म्हणाला, 'मामा, हे तर आमच्या वसतिगृहातल्यासारखंच आहे.'

त्या क्षणी त्याचे बोलणे आम्हांस अंमळ उर्मट वाटले. मागाहून विचार करता ते शहाणपणाचे वाटू लागले, आणि प्रस्तुत लेखाचे मूळ त्या एका वाक्यात आहे. ज्या वाचकांच्या घरी अशी मुले आहेत त्यांस सांगावयास नको की, ह्या संगीताचे चाहते नुसते गाणे ऐकून तृप्त होत नाहीत. बीटल्स ह्या इंग्रज मंडळीचे पहिले गाजलेले गाणे, 'लव्ह मी डू', १९६२ च्या सप्टेंबरात एका आठवड्याच्या अंतराने दोनदा मुद्रित झाले. ४ तारखेस मंडळीतल्याच रिंगो स्टारने ढोल वाजविले. ते निर्मात्याच्या मनास आले नाहीत म्हणून ११ तारखेस अँडी व्हाइट नावाचा बाहेरचा वादक बसविण्यात आला आणि बिचाऱ्या रिंगोच्या हाती खंजिरी देण्यात आली. पुढे दोन्ही मुद्रणे बाजारात आली. आता आपण ऐकतो ते कोणते, हे चाहते कसे ओळखतात? खंजिरी ऐकू आली तर ढोल व्हाइटचे, न आली तर रिंगोचे! रोजंदारीवर येऊन गेलेल्या एका वादकाचे नाव साठ वर्षे टिकले ते असल्या खंजिरीवर कान ठेवणाऱ्यांमुळे.

फ्रेडी मर्क्युरी हा जगद्विख्यात गायक म्हणजे झांझिबारात १९४६ साली जन्मलेला फारुख बलसारा. तो आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तेथेच त्याने शाळासोबत्यांची पहिली वादकमंडळी जमविली. ही माहिती महाराष्ट्रातील प्रत्येक रॉकभक्त जणू घरचे गोत्र सांगावे तशा अभिमानाने सांगतो. हीच आवड विकोपास गेली म्हणजे काय होते, ह्याचाही दाखला ह्याच मंडळीत आहे. १९६९ साली अमेरिकेतील महाविद्यालयीन तरुणांत अशी आवई उठली की, बीटल्सांपैकी पॉल मॅकार्टनी केव्हाच मरण पावला असून त्याच्या जागी तोतया उभा आहे. पुरावा काय? तर 'अॅबी रोड' ह्या तबकडीच्या वेष्टनावरील चित्रात तो अनवाणी चालतो! जिवंत माणसास मारून त्याचे पुरावे शोधणारी ही बुद्धी आणि खंजिरी ऐकून ढोल कोणाचे हे सांगणारी बुद्धी एकच आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आपल्याकडे हा प्रकार नव्हता असे कोणी समजू नये. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमाना'चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. तीन महिने लोटतात न लोटतात तोच, ४ ऑक्टोबरला केशवराव वारले. त्या रात्री कोण वरचढ ठरला, 'वन्समोअर' कोणास अधिक, ह्यावर मराठी घरांतून दोन पिढ्या जेवणाची ताटे वाळली. आमच्या आजोळी ह्या विषयावरून दोन व्याह्यांत अबोला होता. ते दोघेही त्या प्रयोगास गेलेले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

असो. आपण नर्सीकडे परतू. नामदेव हा संत खरा. पण तो गाणारा होता, कीर्तन करणारा होता, आणि त्याच्याभोवती जमलेला समाज प्रथम श्रोत्यांचा समाज होता. परंपरेने त्याचा जन्म शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७०, आणि समाधी १३५० साली पंढरपुरास महाद्वाराच्या पायरीशी. जन्मगाव नर्सी बामणी हे पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात आले. परंतु ही नर्सी कोठली ह्यावर मतभेद झाले. एका पक्षाने ती कऱ्हाडाजवळ नेली, दुसऱ्याने जन्मच पंढरपुरास झाला असे म्हटले. आज हिंगोलीच्या नर्सीचा हक्क सामान्यतः मानला जातो आणि गावाच्या नावासच नामदेव जोडला गेला आहे.

ह्या श्रोत्यांनी काय काय जतन केले पाहा. जनाबाईच्या नावावर असलेल्या एका अभंगात कोणत्या संताचे अभंग कोणी उतरून घेतले ह्याची यादीच आहे. ज्ञानदेवाचा लेखक सच्चिदानंद, सावत्याचा काशिबा गुरव, चोख्याचा अनंतभट्ट. आणि जनीचा लेखक कोण, तर प्रत्यक्ष पांडुरंग! तबकडीच्या वेष्टनावर वादकांची नावे छापतात, त्याहून हे निराळे काय आहे? चोखोबास अक्षर गिरविण्याचा अधिकार नव्हता त्या काळी त्याचे बोल एका ब्राह्मणाने लिहून घेतले, ही केवढी मोठी गोष्ट ह्या यादीत एका नावापुरती येऊन गेली आहे! सामाजिक इतिहासकाराने ज्यासाठी जन्म घालवावा ते भाविकाने चाळा म्हणून सांभाळले.

पण हीच स्मृती दुसऱ्या बाजूने फार अन्यायी आहे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान हिचे गाणे ग्रामोफोन कंपनीने मुद्रित केले, तेव्हा गाणे संपताच ती स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारी. कारण असे सांगतात की, तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत आणि तेथील कारागिरांस गाणे कोणाचे हे कळण्यास दुसरा उपाय नव्हता. अभंगाच्या शेवटची 'नामा म्हणे' ही मुद्रा हेच काम करते. मात्र गौहरजानचे नाव मेणात कोरले गेले. नाम्याचे नाव गाणाऱ्यांच्या तोंडी राहिले, आणि तोंडी राहिलेले नाव लोहचुंबकासारखे असते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात विष्णुदास नामा ह्या नावाचा दुसरा एक कवी होऊन गेला. त्याने ओवीबद्ध महाभारत रचले. त्याच्या मुद्रेतही नामा, आणि नामदेवाच्या म्हणून गणलेल्या काही अभंगांतही 'विष्णुदास नामा' अशीच मुद्रा! तेव्हा धाकट्याची कमाई थोरल्याच्या खाती कशी जमा झाली, हे उकलताना पंडितांच्या डोळ्यांस पाणी आले.

जनाबाईची गोष्ट तर अधिक जिव्हारी लागणारी आहे. ती गंगाखेडची. हिंगोली जिल्हा १९९९ साली ज्या परभणी जिल्ह्यातून निघाला त्यातलेच हे गाव. ती आपल्या मुद्रेतच 'नामयाची दासी जनी' असे म्हणते. म्हणजे स्वतःच्या गाण्यावर सही करतानादेखील तिला आधी धन्याचे नाव लिहावे लागले. तिचे अभंग आपणांस लाभले ते मुख्यतः नामदेवाच्या गाथेच्या पोटात. अशा गाथेत एखादा अभंग उतरविणाऱ्या हाताने घाईत मुद्रेचा उत्तरार्ध गाळला असेल, तर त्या दासीचे श्रम दुसऱ्यांदा धन्याच्या घरी गेले असे म्हणावे लागेल.

नामदेवाने शतकोटी अभंगांचा पण केला होता, ही कथा ह्याच प्रवृत्तीतून निघाली असावी. आम्ही एकदा निरुद्योगीपणे हिशेब केला. ऐंशी वर्षांचे दिवस सुमारे २९,२०० होतात. जन्मल्या दिवसापासून आरंभ केला तरी रोज ३४ हजारांवर अभंग पडतात. भाविकांसही हा हिशेब अवघड वाटला असला पाहिजे, म्हणून त्यांनी घरातील प्रत्येक माणसास वाटा नेमून दिला, आणि तरीही उरलेले पुरे करण्यासाठी तुकोबाच्या स्वप्नात नामदेवास आणले. १९७० साली महाराष्ट्र शासनाने काढलेल्या गाथेत सर्व मिळून दोन हजारांहून अधिक अभंग आहेत.

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनी नामदेवाची भाषा ज्ञानेश्वरीहून बरीच अर्वाचीन दिसते म्हणून नामदेवासच शंभर वर्षे अलीकडे ओढले. एवढ्या मोठ्या पंडिताच्या मतास हात लावताना भीड वाटते. परंतु ग्रंथ पोथीत राहतो आणि गाणे गळ्यात राहते, हा भेद त्या युक्तिवादात पुरेसा मोजलेला नाही असे आमचे मत आहे. गळ्यातले गाणे प्रत्येक पिढी आपल्या बोलीत धुऊन घेते. अलीकडे क्रिस्तियन नोव्हेट्झके ह्या अमेरिकन अभ्यासकाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कीर्तनकारांच्या बाडांवर भर देऊन असे प्रतिपादिले की, 'नामा' ही एका माणसाच्या सहीपेक्षा एका गाणाऱ्या परंपरेची सही समजावी. मत विचारार्ह आहे. पण ते पुरते स्वीकारले तर जनीचे काय, अँडी व्हाइटचे काय, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. परंपरेच्या नावावर जमा होणाऱ्या श्रेयात नेहमी लहान माणसाचीच रक्कम बुडते.

आता ह्या सर्व गोष्टीची दुसरी बाजू पंजाबात आहे. नामदेवाने उत्तरायुष्यातील बरीच वर्षे गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे घालविली अशी तेथील परंपरा आहे. २०१५ सालच्या एप्रिलात अठ्ठ्याऐंशीवे मराठी साहित्य संमेलन तेथे भरले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांस ह्या गावाचे नाव प्रथमच कळले. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ साली सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवाची ६१ पदे आहेत. तेथे ती विषयवारीने नव्हे, तर रागवारीने मांडली आहेत. एकंदर राग १८. आपल्या गाथेत आदि, तीर्थावळी, समाधी अशी प्रकरणे पडली, कारण आपल्या श्रोत्यांस कथा हवी होती. त्यांच्या श्रोत्यांस सूर हवा होता. हे राग खुद्द नामदेवाचे की मधल्या अडीचशे वर्षांतील गवयांचे, हे कोण सांगणार? तथापि नर्सीच्या शिंप्याचे पद चारशे वर्षांपूर्वी कोणत्या रागात गात असत, हे सांगणारा कागद आपल्यापाशी नाही आणि त्यांच्यापाशी आहे, हे कबूल केले पाहिजे.

देऊळ फिरल्याची कथाही त्या ग्रंथात भैरव रागातील एका पदात आलेली आहे. हसतखेळत देवळात गेलेल्या नाम्यास धरून उठविले. शिंप्याच्या जातीत का जन्मास घातलेस, असे त्याने यादवरायास विचारले, कांबळे उचलले आणि देवळाच्या मागे जाऊन बसला. तो हरिगुण गाऊ लागला तसे देऊळ त्याच्याकडे फिरले. पदात गावाचे नाव कोठेही नाही. औंढ्याच्या देवळात मात्र नंदी मागील बाजूस आहे, आणि तो दाखवून तेथील लोक देऊळ येथेच फिरले असे सांगतात. यादवराय हे नाव शिवालयास कसे लागू पडावे, अशी शंका पंढरपूरकर घेतात. आम्हांस दोहोंपेक्षा त्या पदातील प्रश्न अधिक बोचतो. तो सोडून आपण सातशे वर्षे नंदीची दिशा पाहत बसलो आहो.

परतवारीच्या त्या दिवशी अखेर आम्हांस राहवले नाही. आम्ही त्या दोघा वृद्धांस नमस्कार करून मध्ये तोंड घातले आणि पंजाबातील पदाची हकीकत सांगितली. औंढेवाल्या बुवांनी ती शांतपणे ऐकून घेतली. त्यांचे मत तसूभरही हालले नाही. पण अठरा रागांचे नाव निघताच त्यांनी कप खाली ठेवला. 'कंचे कंचे, सांगा की.' आम्ही टिपणवही काढून वाचले: गौडी, आसा, गूजरी, सोरठ, धनाश्री, टोडी, तिलंग, बिलावल, गोंड, रामकली, माली गौडा, मारू, भैरव, वसंत, सारंग, मल्हार, कानडा, प्रभाती. बुवा बोटांच्या पेरांवर मोजीत होते. अठरा भरले.

'आन् भैरवी?' त्यांनी विचारले.

भैरवी त्यांत नाही, असे आम्ही सांगितले.

'मग शेवट कशात करत्यात वो ते?' बुवा आपल्या सोबत्याकडे वळून म्हणाले. आणि गोंदा, विठा, औंढा, पंढरी सारे बाजूस राहून दोघांचा नवा वाद सुरू झाला. हिंगोलीची बस लागली तेव्हा भाचाही त्या वादात पडला होता. त्यास हाताला धरून उठवावे लागले.