एकतीस मार्च, दारूगोदाम

बुधवार, ३१ मार्च १९२६. शिमगा नुकताच आटोपलाय, रंगपंचमी तोंडावर आहे, आणि तुम्ही आबकारी अधिकारी म्हणून नाशिक रोडच्या दारूगोदामासमोर उभे आहात. दाराला दोन कुलपं. एकाची किल्ली तुमच्या खिशात, दुसरी भट्टीच्या माणसाकडे. दोघंही हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. सरकारचा तुमच्यावर विश्वास आहे, पण अर्ध्या कुलपाएवढाच.

दार उघडलं की आधी वास येतो. मोहाचा, गोडसर, थोडा उग्र. आत दिवसाही काळोख. दिवा आणू द्यायचा नाही. इथली हवाच पेट घेणारी असते. पिंपं रांगेनं आडवी लावलेली, प्रत्येकावर नंबर आणि गॅलन रंगवलेले. वर्षअखेर असल्यानं आज नुसतं माल काढून चालणार नाही, साठा मोजायचाय. हवालदार पिंपाच्या तोंडातून खुणांची काठी आत सोडतो, बाहेर काढून ओली रेघ दाखवतो. तुम्ही आकडा सांगता, कारकून लिहितो.

मग नमुना. काचेच्या नळकांड्यात दारू ओतायची, उष्णमापक बुडवायचा, थांबायचं. पारा ८८ फॅरनहाइटवर येतो. आता सायक्सचा पितळी हायड्रोमीटर. त्याच्या दांडीला ६० चं वजन अडकवून अलगद सोडलात, की तो एक-दोनदा डुलतो आणि स्थिरावतो. डोळा पातळीशी आणून दांडीवरचा आकडा वाचायचा, वजनात मिळवायचा आणि सायक्सच्या तक्त्यात त्या उष्णतेसमोर बोट ठेवायचं. पंचवीस अंडर प्रूफ. बरोबर आहे. लंडन प्रूफ म्हणजे शंभरात ५७ भाग मद्यार्क. त्याच्या तीन चतुर्थांश, म्हणजे साधारण ४३. दुसरी, हलकी दारू साठ अंडर प्रूफ, जेमतेम २३. चाळीस गॅलनांचं पंचवीसवालं पिंप हिशेबात तीस प्रूफ गॅलन धरायचं, कर त्यावरच. पातळ दारूवर पुरा कर लागू नये आणि कडक दारू स्वस्तात सुटू नये, एवढ्यासाठी हा सगळा पितळी खटाटोप. उन्हाळ्यात दारू फुगते. तक्ता नसता तर एप्रिल-मे महिन्यांत सरकारनं नुसती उष्णताच विकली असती.

हिशेबात थोडी तूट निघते. लाकूड पितं, हवा पिते. त्याला ठरावीक सूट आहे. तूट सुटीच्या आत बसली की सही, बाहेर गेली की खुलासा. कोरडं पिंप उन्हात ठेवू नका, तोटी गळतेय का ते रात्री हात फिरवून बघा, असं जुना हवालदार सांगतो. ते नियमपुस्तकात नाही, पण तूट त्यानंच आटोक्यात राहते.

अकरा वाजता दुकानदार जमतात. कुणी शहरातून ट्रामनं आलेला, कुणी बैलगाडी घेऊन. खजिन्यात कर भरल्याचं चलन दाखवायचं, पास घ्यायचा, पिंपावर सील मारून घ्यायचं. आज गर्दी जास्त, कारण गोदाघाटावर बुधवारचा बाजार आणि पाठोपाठ रंगपंचमी. त्यातला एक पारशी दुकानदार टोपी हातात घेऊन टेबलाशी येतो.

"साहेब, पंचमीला रंगाच्या रहाडीवर किती लोक येतील, तुम्हालाच ठाऊक. एकच पिंप जास्त द्या. कर रोख भरतो."

तुम्ही वही उलटता. त्याचं रेशन संपलंय.

१९२०-२१ चा खप पाया धरून दुकानांचा कोटा बांधला गेलाय, आणि तो दरसाल उतरवला जातो: मुंबई शहरात १० टक्क्यांनी, इतरत्र ५ टक्क्यांनी. म्हणजे तुमचं गोदाम नीट चाललंय की नाही, हे दरसाल कमी माल विकून दाखवायचं. जास्तीत जास्त कर, कमीत कमी खप, हे खात्याचं जुनं पालुपद. त्यातला 'जास्तीत जास्त' खजिन्याला सोयीचा आणि 'कमीत कमी' सभेत सांगायला. राज्यकारभारातल्या सुधारणांनंतर आबकारी आणि शिक्षण दोन्ही खाती लोकांच्या मंत्र्यांकडे आली. तेव्हापासून शाळा वाढवायच्या तर पैसा मुख्यतः दारूचा, आणि दारू बंद करायची हेच त्या मंत्र्यांचं घोषित ध्येय. ढोंग म्हणावं तर म्हणा. पण त्या ढोंगाचं ओझं मंत्र्यांच्या डोक्यावर नाही, तुमच्या पासांच्या वहीवर आहे.

"एप्रिलच्या कोट्यातून उद्या उचला," तुम्ही म्हणता. "आज नाही."

"उद्याचं उचललं तर पुढच्या हाटाला काय विकू?" तो तसाच उभा. "गिऱ्हाईक काय घरी बसणारे? पेठ-सुरगाण्याकडं फुलं पडायला लागलीत."

हे खरं आहे. याच दिवसांत मोह गळतो. रात्री पडलेली फुलं पहाटे पाट्यांतून वेचली जातात, वाळवली की वर्षभर टिकतात, आणि घरामागं एक मडकं, एक नळी असली की गोदामाची गरज उरत नाही. म्हणून तर १८९२ साली ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं बाळगण्यावरच कायदा आणला गेला होता. आदिवासी घरात जे अन्न आहे ते सरकारी कागदावर गुन्ह्याचं साहित्य ठरलं. तुम्ही ज्या पिंपाला नकार देताय, त्यातली दारू डोंगरात कुठल्या तरी मडक्यातून गळणार, ती मोजायला मात्र हायड्रोमीटर नसेल.

तुम्ही शंभर वर्षांनंतरच्या काळातून आलेले, म्हणून पुढचं ठाऊक आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, ६ एप्रिल १९५० ची राज्यभरची बंदी, मग परवान्यांतून तिचं हळूहळू सैल होणं. कर्नाटक-तामिळनाडूत घाऊक विक्रीचं सरकारी गोदाम आजही आहे. महाराष्ट्रात ते काम परवानाधारक व्यापारी करतात. आणि याच नाशिकात आता द्राक्षाच्या बागांमधून वाइन चाखायला सहली निघतात. हवालदाराला हे सांगून उपयोग नाही. तो पिंपावर लाख तापवतोय.

दुकानदार अजून हललेला नाही. रांगेत मागचा माणूस चलन पुढं सरकवतो. त्याचा कोटा शिल्लक आहे, पण दिसतंय की माल तो याच पारशाला विकणार. नियमानं अडवता येत नाही. तुम्ही पास लिहिता, दुकानाचं नाव ठळक अक्षरात, आणि नाक्यावरच्या शिपायाला चिठ्ठी पाठवता की हे पिंप कुठं उतरतंय ते बघ.