अज्ञानाचे सोंग

दिवाळीत आजोळी जमलो की फराळानंतर पत्त्यांचा डाव ठरलेला. एका वर्षी मामा, ताई आणि मी असे तिघे पाच-तीन-दोन खेळत होतो. मामा माझ्यासमोर बसले होते आणि त्यांच्या पाठीमागे आरशाचे कपाट होते. त्यांच्या हातातले पत्ते मला लख्ख दिसत होते. मी मुद्दाम पाहिले नव्हते. पण एकदा दिसलेले न दिसलेले कसे करायचे? हुकमाचा एक्का मामांकडे आहे हे कळल्यावर मी माझा राजा राखून ठेवला, तर ती लबाडी. बरे, मुद्दाम टाकला, तर तो भोळेपणाही खरा नव्हे. आरसा नसता तर मी काय टाकले असते, हे आता मला स्वतःलाही कळण्याची सोय राहिली नव्हती.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो. त्या दिवशी वाटले, अज्ञानाचे सोंगही तितकेच अवघड आहे. पुढे वाचनात आले की या एका अडचणीपायी युरोप-अमेरिकेतल्या खेळियांनी दोनशे वर्षे डोके खाजवले आहे. त्याचीच ही हकीकत.

बुद्धिबळात दोन्ही सैन्ये उघड्यावर असतात. प्रतिपक्षाच्या मनात काय आहे ते कळत नाही, पण त्याचा हत्ती कुठे उभा आहे ते दिसते. खऱ्या लढाईत तेच तर दिसत नाही. टेकडीपलीकडे शत्रू आहे की नुसती धूळ आहे, हे सेनापतीला ठाऊक नसते आणि तरीही हुकूम सोडावा लागतो. हे न दिसणे खेळात कसे आणावे, याचे उत्तर प्रशियातल्या एका बापलेकांनी शोधले. वडील फॉन राइसविट्झ हे मुलकी अधिकारी. त्यांनी १८१२ साली राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला युद्धाचा खेळ दाखवला. वाळूवर मांडायचा खेळ राजासमोर कसा न्यावा, म्हणून खणांचे सुबक टेबलच करून घेतले. मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्याने हा खेळ नकाशावर आणला आणि १८२४ साली त्याचे नियम छापले. नकाशाचे प्रमाण एकास आठ हजार, लाल आणि निळे असे दोन पक्ष, दोन मिनिटांच्या हालचालीची एक खेळी आणि फाशांवर ठरणारी हानी.

पण त्यातली खरी युक्ती होती ती पंचाची. या पंचाला त्याने जर्मन भाषेत 'विश्वासू' अशा अर्थाचे नाव दिले होते. दोन्ही बाजूंचे खेळाडू आपले हुकूम लिहून त्याच्याकडे देत. सगळे काही ठाऊक असे ते त्याला एकट्याला. सेनापतीला खरोखर जेवढे दिसले असते तेवढेच तो नकाशावर मांडी. बाकीचे स्वतःपाशी ठेवी. सेनाप्रमुख म्युफलिंग यांनी हा डाव पाहिला आणि प्रसन्न होऊन सैन्याला त्याची शिफारस केली. राजाज्ञेने तो पलटणीपलटणींत गेला. शोधकाच्या वाट्याला मात्र सुख आले नाही. त्याची बदली तोर्गाव येथे झाली आणि १८२७ साली त्याने आपले जीवन संपवले. दुसऱ्याला काय दिसते आणि काय दिसत नाही याचा एवढा बारकाईने विचार करणाऱ्या या माणसाच्या मनातला अंधार कोणाला दिसला नाही!

राइसविट्झचा मार्ग सरळ होता: जे पात्राला कळू नये ते खेळाडूलाच कळू द्यायचे नाही. १८९९ साली इंग्लंडात हेन्री टेंपल याने याच तत्त्वावर आंधळे बुद्धिबळ रचले. त्यात प्रत्येकाला फक्त आपलीच मोहरी दिसतात आणि मधे पंच बसतो. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे पुस्तक लिहिले, त्यातही मांडामांड होईपर्यंत मधे पडदा धरण्याची सूचना आहे. आपल्या लग्नातला अंतरपाटच म्हणा ना! मात्र पडदा दूर झाला की सगळे उघड.

ज्या १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले, त्याच साली अमेरिकेत चार्ल्स टॉटन या लष्करी अधिकाऱ्याचा 'स्ट्रॅटेगॉस' हा युद्धखेळाचा ग्रंथ निघाला. जवळजवळ नव्वद वर्षांनी तो मिनेसोटातल्या डेव्हिड वेझली या तरुणाच्या हाती पडला. १९६९ साली त्याने मित्रांसाठी ब्राउनश्टाइन नावाचे एक काल्पनिक गाव रचले आणि प्रत्येकाला पलटणीऐवजी एकेक माणूस दिला: कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा कुलगुरू. एकेकाला आत बोलावून त्याचे गुपित त्याच्यापुरते ठेवायचे, असा त्याचा बेत. पण बाहेर ताटकळलेली मंडळी आपसात बोलू लागली, कट रचू लागली. दोघांनी तर द्वंद्वयुद्धही ठरवले. खेळ फसला म्हणून वेझली कष्टी झाला. मित्र मात्र म्हणाले, पुन्हा कधी?

त्या मित्रमंडळात डेव्ह आर्नसन होता. त्याच्या आणि गॅरी गायगॅक्सच्या हातून १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ हजार प्रतींनिशी बाजारात आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. कोणी योद्ध्याचे सोंग घेतो, कोणी मांत्रिकाचे, कोणी चोराचे. एक जण सूत्रधार. भुयारात काय दडले आहे ते त्यालाच ठाऊक. बाकीच्यांनी आपले पात्र काय करते ते सांगायचे आणि फासे टाकायचे.

इथे राइसविट्झची युक्ती तोकडी पडली. सगळे एकाच टेबलाशी! चोराने पुढच्या दालनात काय पाहिले ते बाहेर उभ्या मांत्रिकाला कळायला नको. पण मांत्रिकाचा खेळाडू तर शेजारीच चिवडा खात बसलेला. आणि जुन्या खेळाडूंचे काय? या खेळातला ट्रोल नावाचा राक्षस कितीही घाव घातले तरी भरून येतो. तो मरतो आगीने किंवा आम्लाने. दहा डाव खेळलेल्याला हे पाठ असते. त्याचे नवे पात्र मात्र कालच गावाबाहेर पडलेले पोर. त्याने पहिल्याच भेटीत मशाल पुढे करावी काय?

गायगॅक्सने आधी दडवण्याचाच मार्ग धरला. १९७९ साली सूत्रधारासाठी वेगळा ग्रंथ काढला आणि खेळाडूंनी तो वाचू नये असे त्यातच बजावले. पण दुकानात विकत मिळणारे पुस्तक दडणार कुठे? मग इतरांनी निराळ्या वाटा काढल्या. १९८१ च्या 'कॉल ऑफ क्थुल्हू'मध्ये ज्ञानालाच किंमत लावली: गूढ जितके जास्त कळेल तितकी पात्राची शुद्ध ढळते. १९८४ च्या 'पॅरानोया'ने तर नियम ठाऊक असल्याचे दाखवणे हाच गुन्हा ठरवला.

नाटकातल्या नटाला ही पंचाईत नाही. दुर्वासाचा शाप दुष्यंताचे काम करणाऱ्या नटाला पाठ असतो. तरी भर दरबारात तो शकुंतलेला ओळखत नाही, कारण पुढचे वाक्य कालिदासाने लिहून ठेवले आहे. सोंगाच्या खेळात वाक्य लिहून देणारा कोणी नसतो. तिथे माझ्या आरशाचीच गत होते: ठाऊक असलेले वापरले तर लबाडी, आणि मुद्दाम उलटे वागले तरी ते त्याच ज्ञानाच्या आधाराने.

म्हणून जाणती मंडळी हळूहळू दुसऱ्या वाटेला लागली. ती वाट दडवण्याची नव्हे, उघड बोलण्याची. खेळाडू थांबून म्हणतो, मला हे ठाऊक आहे, माझ्या माणसाला असेल काय? सूत्रधार कधी म्हणतो, तुझ्या आजीने गोष्टीत सांगितले असेल. कधी फासा टाकायला लावतो. कधी राक्षसच बदलून टाकतो. प्रशियाच्या पंचाने विश्वास एकट्याने सांभाळला. इथे तो टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी वाटून घेतला.

त्या दिवाळीत मला यातले काहीच ठाऊक नव्हते. हातातला पत्ता थोडा वेळ तसाच धरून मी अखेर म्हणालो, "मामा, तुमच्या मागं आरसा आहे." मामांनी मागे वळून पाहिले, हसले, आणि पत्ते गोळा करून पुन्हा पिसायला घेतले. ताई तेवढी चिडली. तिचे हात तेव्हा फार चांगले होत होते.