स्त्री-सैनिक, सोव्हिएत व रशियन चित्रपटांतील

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाच्या सैन्यात सुमारे आठ लाख स्त्रिया होत्या. परिचारिका, डॉक्टर आणि संदेशयंत्रणा सांभाळणाऱ्यांबरोबरच विमानवेधी तोफा चालवणाऱ्या, नेमबाज, रणगाडाचालक आणि वैमानिक स्त्रियाही त्यांत होत्या. साहजिकच स्त्री-सैनिकाची व्यक्तिरेखा सोव्हिएत आणि पुढे रशियन पडद्यावर वारंवार व नाना रूपांत आली. या चित्रपटांचा एकत्र विचार करता एक गोष्ट ठळकपणे दिसते. लढता लढता मरण पत्करणारी स्त्री पडद्याला नेहमीच जवळची वाटली. लढून घरी परतलेल्या स्त्रीकडे मात्र मोजक्याच दिग्दर्शकांनी निरखून पाहिले.

आरंभ : ‘चापायेव’ (१९३४) या रशियन यादवी युद्धावरील चित्रपटातील मशीनगन चालवणारी आन्का ही या परंपरेतील पहिली लोकप्रिय नायिका. दिमित्री फुर्मानोव यांच्या मूळ कादंबरीत ती नाही. चित्रपटासाठी ती नव्याने घडवली गेली. मशीनगन शिकवण्याच्या मिषाने सहसैनिक पेत्का तिच्याशी लगट करू पाहतो. ती त्याला झिडकारते आणि आधी बंदूक शिकव म्हणून हटून बसते. पुढे बोल्शेविकविरोधी पांढऱ्या सेनेचे अधिकारी ओळीने चाल करून येतात, तेव्हा ते अगदी टप्प्यात येईपर्यंत ती गोळीबार रोखून धरते. स्त्रीचे सैनिकपण इथे शिकलेल्या कौशल्यातून सिद्ध होते, ही या व्यक्तिरेखेची मोठी जमेची बाजू.

युद्धकाळ : महायुद्ध चालू असताना निघालेल्या चित्रपटांचा हेतू उघडपणे प्रचाराचा होता. फ्रीद्रिख एर्मलेर यांच्या ‘ती मातृभूमीचे रक्षण करते’ (१९४३) मध्ये पती व मूल गमावलेली प्रास्कोव्या गनिमी पथकाची नायिका होते. लेव अर्नश्ताम यांच्या ‘झोया’ (१९४४) मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी जर्मनांनी फाशी दिलेल्या झोया कोस्मोदेम्यान्स्काया हिचे चरित्र आहे. एक सूड घेणारी आई, तर दुसरी हुतात्मा कन्या. या दोन साच्यांनी पुढची कित्येक वर्षे पडदा व्यापला. युद्ध संपता संपता तयार झालेल्या ‘आकाशातला मंदगती’ (१९४५) या विनोदी चित्रपटात स्त्री-वैमानिकांचे पथक आहे. पण कथेचा रोख प्रेमात न पडण्याच्या पुरुष वैमानिकांच्या शपथेवर राहतो आणि उड्डाण करणाऱ्या मुली प्रेयसी म्हणूनच लक्षात राहतात.

स्तालिनोत्तर काळ : ग्रिगोरी चुखराय यांचा ‘एक्केचाळिसावा’ (१९५६) बोरिस लाव्रेन्योव यांच्या कथेवर आधारलेला आहे. नेमबाज मार्युत्काने चाळीस शत्रू टिपले आहेत. एक्केचाळिसावा, म्हणजे पांढऱ्या सेनेचा अधिकारी, नेम चुकल्यामुळे वाचतो आणि तिचा कैदी होतो. अरल समुद्रातील एका बेटावर दोघे अडकतात व प्रेमात पडतात. शत्रूची नाव दिसताच तो किनाऱ्याकडे धावतो आणि ती त्याला गोळी घालते. कर्तव्य आणि प्रेम यांतली ही ओढाताण चुखराय सोपी करून सांगत नाहीत. १९५७ च्या कान महोत्सवात या चित्रपटाचा विशेष पुरस्काराने गौरव झाला.

अलेक्सांद्र अस्कोल्दोव यांचा ‘कोमिसार’ (१९६७) त्याहून धाडसी होता. वासिली ग्रोसमन यांच्या कथेवरील या चित्रपटात गर्भवती राजकीय अधिकारी क्लाव्दिया वाविलोवा (भूमिका : नोन्ना मोर्द्युकोवा) एका गरीब ज्यू कुटुंबाच्या घरी बाळंत होते आणि अखेर तान्हे मूल त्यांच्याकडे सोपवून आघाडीवर परतते. मातृत्व श्रेष्ठ की लढा, याचा निवाडा चित्रपट देत नाही. त्याच्यावर बंदी आली आणि प्रेक्षकांना तो सुमारे वीस वर्षांनी पाहता आला. १९८८ मध्ये बर्लिन महोत्सवात त्याला पारितोषिक मिळाले.

‘पंख’ : लारिसा शेपित्को यांचा ‘पंख’ (१९६६) हा या परंपरेतील सर्वांत सखोल चित्रपट मानावा लागेल. युद्धात लढाऊ विमान चालवलेली नाद्येज्दा पेत्रुखिना (भूमिका : माया बुल्गाकोवा) आता एका तांत्रिक विद्यालयाची प्राचार्य आहे. गावात तिला मान आहे, तिचे छायाचित्र संग्रहालयात लावलेले आहे; पण विद्यार्थ्यांशी तिचे सूर जुळत नाहीत आणि दत्तक मुलगी दुरावलेली आहे. शिस्त आणि हुकूम यांवर घडलेला तिचा स्वभाव शांततेच्या काळात कुणालाच नको आहे. एका प्रसंगात ती बंद उपाहारगृहात तिथल्या चालकिणीबरोबर मनमोकळी गाते, नाचते. तेवढ्यात काचेपलीकडे जमून आत टक लावून पाहणारे पुरुष दिसतात आणि दोघी थबकतात. ज्या स्त्रीने आकाशात लढाई केली, तिच्या साध्या आनंदालाही जागा उरलेली नाही, हे शेपित्को एका दृश्यात सांगून जातात. अखेरीस विमानतळावर तरुण वैमानिक गमतीने तिला विमानात बसवून ते हँगरकडे ढकलू लागतात. ती इंजिन सुरू करते आणि उड्डाण घेते.

‘इथल्या पहाटा शांत असतात’ : बोरिस वसील्येव यांच्या लघुकादंबरीवर (१९६९) स्तानिस्लाव रोस्तोत्स्की यांनी काढलेला हा चित्रपट (१९७२) सर्वाधिक गाजला. रोस्तोत्स्की यांनी युद्धात एक पाय गमावला होता आणि आपले प्राण वाचवणाऱ्या परिचारिकेच्या ऋणातून त्यांनी तो केला. कारेलियाच्या जंगलात सार्जंट-मेजर वास्कोव आणि विमानवेधी तोफखान्यातील पाच मुली सोळा जर्मन सैनिकांना अडवतात. पाचही मुली मरतात. युद्ध कृष्णधवल आणि त्यांच्या शांततेच्या काळातील आठवणी रंगीत, अशी त्याची मांडणी आहे.

यातला नदीकाठचा प्रसंग विशेष उल्लेखनीय आहे. पलीकडच्या झुडपांत शत्रू दबा धरून आहे. इथे सैनिक नसून जंगलतोड करणारी साधी माणसे आहेत असे भासवण्यासाठी पाच मुलींपैकी झेन्या गणवेश उतरवून थंडगार पाण्यात शिरते, गाते, खिदळते. जवळ आलेल्या वास्कोवला मात्र तिच्या डोळ्यांतली भीती दिसते. शौर्य आणि भय एकाच चेहऱ्यावर दाखवणारा हा क्षण अस्सल आहे. याच चित्रपटातील बाष्पस्नानाच्या दृश्यात मुलींची अनावृत शरीरे दिसतात. ज्या देहांनी पुढे जन्म द्यायचा, तेच गोळ्यांना बळी पडणार आहेत, हा त्यामागचा अर्थ उघड आहे. पण त्याच वेळी स्त्रीच्या मरणाची हळहळ तिच्या न झालेल्या बाळंतपणाशी बांधली जाते, हा आक्षेपही डावलता येत नाही. चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले. एस. पी. जननाथन यांच्या ‘पेराण्मै’ (२००९) या तमिळ चित्रपटाने हाच गाभा घेऊन एनसीसीच्या पाच छात्रा व एक वनाधिकारी यांची कथा रचली.

सहभागी स्त्रियांची दृष्टी : ‘आकाशातील रात्रीच्या चेटकिणी’ (१९८१) च्या दिग्दर्शक येवगेनिया झिगुलेंको स्वतः महायुद्धात वैमानिक होत्या. वैमानिक मारिना रास्कोवा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या रात्र-बॉम्बफेकी रेजिमेंटमध्ये लाकूड-कापडाच्या पो-२ विमानातून त्यांनी नऊशेहून अधिक उड्डाणे केली आणि ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मिळवला. युद्धानंतर अनेक वर्षांनी चित्रपटाचे शिक्षण घेऊन त्यांनी आपल्या सहकारिणींची कथा पडद्यावर आणली. जिने लढाई केली तिनेच ती चित्रित करावी, असा योग जागतिक चित्रपटसृष्टीत विरळा आहे.

अलीकडचे चित्रपट : सेर्गेई मोक्रित्स्की यांचा ‘सेवास्तोपोलची लढाई’ (२०१५) हा ३०९ शत्रुसैनिक टिपल्याची नोंद नावावर असलेल्या ल्युदमिला पाव्लिचेन्को यांच्या जीवनावर आहे. १९४२ च्या अमेरिका दौऱ्यात पत्रकारांनी त्यांना गणवेशाच्या घेराबद्दल आणि प्रसाधनांबद्दल प्रश्न विचारले होते. चित्रपटही नेमबाजीच्या बरोबरीने प्रेमकथांवर बराच वेळ खर्च करतो.

याउलट कांतेमिर बालागोव यांचा ‘बीनपोल’ (२०१९) महायुद्धानंतरच्या लेनिनग्रादमध्ये घडतो. स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी स्त्री-सैनिकांच्या आठवणींतून सिद्ध केलेल्या पुस्तकावरून त्याची प्रेरणा घेतलेली आहे. डोक्याला बसलेल्या मारामुळे मध्येच गोठून उभी राहणारी इया आणि मूल होण्याची क्षमता गमावलेली माशा या दोघी विमानवेधी तोफखान्यातील मैत्रिणी. आघाडीवर राहिलेल्या बायकांकडे समाज कोणत्या नजरेने पाहत होता, हे होणाऱ्या सासूसमोर बसलेल्या माशाच्या प्रसंगातून धारदारपणे उमटते. कान महोत्सवात ‘अँ सर्ता रगार’ विभागात बालागोव यांना दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले.

मूल्यमापन : पडद्यावरची स्त्री-सैनिक पारखताना ती किती शूर दाखवली आहे एवढेच पाहणे पुरेसे नाही. तिचे कौशल्य दिसते का, तिला भय वाटू दिले आहे का आणि युद्ध संपल्यावरही चित्रपट तिच्याबरोबर राहतो का, हे खरे निकष होत. आन्का पहिल्या निकषावर उतरते, झेन्या दुसऱ्यावर. तिन्ही निकषांवर उतरणारी नायिका ‘पंख’मधील पेत्रुखिनाच आहे. त्यामुळे या विषयाच्या अभ्यासकाने सुरुवात ‘पंख’पासून करावी.