स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल : एका समजुतीची चिकित्सा

प्रस्तावना :
पुष्कळ चाललेल्या मोटारीच्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल बदलू नये, बदलल्यास गिअरबॉक्स निकामी होतो, अशी समजूत मोटारधारक व मेकॅनिक यांच्यात दृढ आहे. दीड-दोन लाख किलोमीटर धावलेली मोटार विकत घेणाऱ्यास हा प्रश्न हमखास पडतो. निर्णय चुकल्यास दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या किमतीच्या घरात जाऊ शकतो. प्रस्तुत लेखात या समजुतीचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

तेलाचे स्थान :
अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९३९ साली ‘हायड्रा-मॅटिक’ गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबाईल मोटारींसाठी आणला. मोठ्या प्रमाणावर तयार झालेला हा पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स होय. हाताने गिअर टाकण्याच्या गिअरबॉक्समध्ये तेलाचे काम मुख्यतः वंगणाचे असते. येथे मात्र तेच तेल इंजिनची शक्ती पुढे पोहोचविते, दाबाने गिअर बदलते, उष्णता वाहून नेते आणि तेलात बुडालेल्या क्लचप्लेटांचे घर्षणही ठरविते. यासाठी जनरल मोटर्सने १९४९ साली ‘टाईप ए’ हे खास तेल निश्चित केले. फोर्डच्या ‘टाईप एफ’ तेलात घर्षण सौम्य करणारे द्रव्य नसे. क्लच झटक्याने पकडे. एकाचे तेल दुसऱ्याच्या गिअरबॉक्सला मानवत नसे, ते यामुळेच.

हे सौम्यकारी द्रव्य बराच काळ स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या तेलापासून मिळविले जाई. १९७० साली अमेरिकेने या देवमाशाचा समावेश संकटग्रस्त प्राण्यांत केला आणि तो पुरवठा बंद झाला. त्याच्या जागी आलेल्या ‘डेक्स्रॉन-२’ तेलाच्या पहिल्या प्रकाराने ऑईल कूलरमधील सोल्डर गंजू लागले व तेलाची घडण पुन्हा बदलावी लागली. एका घटकाच्या अदलाबदलीचा हा परिणाम! तेल हा गिअरबॉक्सचाच एक सुटा भाग आहे, हे यावरून ध्यानात यावे.

समजुतीची चिकित्सा :
तेल न बदलण्याच्या समजुतीमागील युक्तिवाद असा : झिजलेल्या क्लचप्लेटांचा चुरा जुन्या तेलात तरंगत असतो व तोच उरलीसुरली पकड टिकवितो, नव्या तेलाने ती जाते. मेकॅनिकचे निरीक्षण खोटे नसते. तेल बदलल्यावर काही गिअरबॉक्स खरोखरच बंद पडतात. परंतु कोणत्या मोटारी तेल बदलण्यास येतात? बहुधा ज्यांचे गिअर आधीच घसरू लागले आहेत, अशाच. तेथे दोष झिजेचा असतो आणि आळ तेलावर येतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसाच हा प्रकार. इतिहासाच्या अभ्यासकाला पौर्वापर्य आणि कार्यकारणभाव यांची ही गल्लत अपरिचित नाही.

उत्पादकांनीही या समजुतीस खतपाणी घातले. काही युरोपीय मोटारींत ‘आयुष्यभराचे तेल’ भरल्याचे सांगण्यात आले. हे आयुष्य मोटारीचे की हमीच्या मुदतीचे, असे कोणी विचारल्यास वावगे ठरणार नाही. कारण अशा अनेक मोटारींना गिअरबॉक्स पुरविणारी जर्मनीतील झेडएफ ही कंपनी स्वतः मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी तेल बदलण्यास सांगते. उष्णतेने तेलातील द्रव्ये क्षीण होतात, हे गिअरबॉक्स घडविणाऱ्याला ठाऊक असते.

तेव्हा गिअर सुरळीत पडत असतील, तर जुन्या मोटारीचेही तेल बदलणे युक्त ठरते. गिअर घसरत असतील, तर नव्या तेलाने झीज भरून येत नाही. तळाचे तेल सोडले तरी टॉर्क कन्व्हर्टरमधील बरेचसे तेल आतच राहते. म्हणून यंत्राच्या दाबाने सर्व तेल एकदम धुऊन काढण्यापेक्षा, काही शे किलोमीटरच्या अंतराने दोन-तीनदा तेल सोडून, उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच तेल भरणे अधिक सुरक्षित. भारतात २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून रुळलेल्या एएमटी मोटारींना मात्र ही चर्चा लागू नाही. त्यांत गिअर यंत्राने बदलले जात असले, तरी मूळ गिअरबॉक्स हातगिअरचाच, क्लच कोरडा आणि तेल साधे वंगणाचे असते.