महजर

महजर : आदिलशाही-निजामशाहीपासून पेशवाईच्या अखेरपर्यंत महाराष्ट्रात वतन, मिरास व वारसा यांच्या वादांवर गोतसभेने दिलेला लेखी निवाडा. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, बलुतेदार आणि शेजारगावचे मोकदम यांच्यासमक्ष वादी-प्रतिवादींच्या तकरिरी, साक्षी व जुने कागद तपासून तो लिहीत. ज्याला अक्षर येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी काढी. कुणब्याचा नांगर त्यांत सर्वांत परिचित.

महजराकडे आज मालकीचा पुरावा म्हणून पाहिले जाते. पण त्या काळी मालकीच मुळी गावाच्या मान्यतेवर उभी होती, आणि ती मान्यता महजरात उतरे. पाटीलकीच्या वाटणीचे कागद पाहिले की हे ध्यानात येते. त्यांत इनाम जमिनीइतकीच बारकाईने मानपानाची वाटणी असते : होळीची पोळी आधी कोणाची, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, शिरपाव व विडा कोणी घ्यावा, कागदावर नांगर कोणी करावा. चारचौघांनी मानल्याखेरीज असा हक्क उपभोगताच येत नाही. अर्धी पाटीलकी विकताना भाऊबंदांची संमती आणि गोताची साक्ष लागे, ती यामुळेच. थळझाड्यांतही, म्हणजे गावच्या जमिनींच्या थळवार नोंदींतही, हाच विचार दिसतो. कुळ निर्वंश झाले, जमीन गतकूळ म्हणून दुसऱ्याला मिराशीने दिली, तरी थळाला मूळ घराण्याचेच नाव राही. गाव सोडून गेलेला मिरासदार परतून आपली जमीन मागू शके, कारण गावाने त्याला विसरलेले नसे.

यावर असा आक्षेप येतो की खरे बळ सरकारी सनदेचे होते. शिक्क्याचे वजन होतेच, आणि नवा अंमल आला की वतनदार नवी सनद मिळवण्यासाठी धडपडत, नजर भरत. तरीही वाद उभा राहिला की सरकार तो बहुधा गोताकडेच सोपवी आणि तिथला निवाडा कायम करी. बनावट कागदांचा आक्षेपही खरा आहे. मात्र त्यावर उपायही गोतातच शोधत : वृद्धांच्या साक्षी घेत, आणि त्यानेही न सुटल्यास उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य करवीत.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो मान्यच केला पाहिजे : गोताची मान्यता सर्वांना सारखी नव्हती. मुलींना वतनात सहसा वाटा नसे. विधवा दत्तक घेऊन हक्क राखू पाहत, आणि तिथेच भाऊबंदकीचे कज्जे पेटत. शिवेच्या वादात महाराची साक्ष प्रमाण मानीत, शीव चालून दाखवण्याचा मान त्याचा असे. पण त्याच्याच वतनाने त्याला तुटपुंज्या मोबदल्यात पिढ्यान्‌पिढ्या राबवले. ब्रिटिश अमदानीत १८७४ च्या वतन कायद्याने हे बंधन चालू ठेवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर कुलकर्णी वतने १९५० च्या, महार व इतर कनिष्ठ गाववतने १९५८ च्या आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्याने रद्द झाली. कनिष्ठ वतनांच्या जमिनी साऱ्याच्या पूर्ण आकारणीच्या तिप्पट रक्कम भरून घेऊन वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली. त्या विकायच्या तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आवश्यक ठरली.